आमची वाटचाल: कार्बोरेटरच्या स्क्रूपासून कोळशाच्या डब्यापर्यंत

अण्णांनी सोलापुरात अक्कलकोट रोडला गॅरेजची पत्र्याची शेड टाकली तेव्हा कामाला यायच्या त्या फियाट आणि अँबेसेडर. मारुती ८०० दारात लागली की शेजारचे बघायला यायचे. अण्णांना सगळे ‘मिस्त्री’च म्हणत. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते आवाज ऐकायचे, मग कार्बोरेटरचा, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा, स्क्रू पाव आटा फिरवायचे. गाडी सुधारायची. मी आयटीआय करून त्यांच्या हाताखाली आलो, पण पहिलं वर्षभर माझ्या हातात रॉकेलचं घमेलं आणि ब्रश एवढंच होतं.

त्या काळात गॅरेज म्हटलं की पेट्रोलचा वास आलाच. सोलापूरचा मे महिना, पारा त्रेचाळीसच्या पुढे, वर पत्रा. टाकीतलं पेट्रोल उडतंय म्हणून कुणी गाडी दाखवायला आणत नव्हतं.

एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या, गाड्या आल्या आणि त्यांच्यासोबत एक काळा प्लॅस्टिकचा डबा आला, कॅनिस्टर. खरं सांगायचं तर तो कशासाठी आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ‘डबा काढला की ॲव्हरेज वाढतं’ असं कुणीतरी म्हणालं आणि आम्हीही डबे काढून नळीत बोल्ट ठोकायला लागलो. किती गाड्यांचे काढले असतील याचा हिशेब नाही. ॲव्हरेज एकाचंही वाढलं नाही.

२०१० साली भारत स्टेज ४, म्हणजे गाड्यांच्या प्रदूषणाचे कडक नियम, पहिल्यांदा तेरा शहरांत लागू झालं, त्यात मुंबई-पुण्यासोबत आपलं सोलापूरही होतं. आम्हाला नोटीस मिळाली ती गिऱ्हाइकांकडून: ‘मिस्त्री, मीटरवर इंजिनचं पिवळं चित्र लागलंय.’ अण्णांचा कान तिथे चालेना. पतसंस्थेचं कर्ज काढून स्कॅनर घेतला, गाडीच्या कंप्युटरने नोंदवलेल्या बिघाडाचे कोड वाचणारा. कर्जाचे हप्ते फेडता फेडता त्या डब्याचं काम कळत गेलं.

काम तसं सोपं आहे. टाकीत उन्हाने पेट्रोलची वाफ होते. ती हवेत जाऊ नये म्हणून नळीने डब्यात येते आणि आतले ॲक्टिव्हेटेड कार्बनचे, म्हणजे खास प्रक्रिया केलेल्या कोळशाचे दाणे ती धरून ठेवतात. इंजिन तापलं की ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, डबा आणि इंजिन यांच्यामधला पर्ज व्हॉल्व्ह उघडझाप करतो, मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्याचा) व्हॅक्यूम ती वाफ ओढतो, ती इंजिनात जळते आणि डब्याच्या दुसऱ्या तोंडातून ताजी हवा आत येते. नवी गाडी पास करताना तिला बंद खोलीत ठेवून ही वाफ मोजतात. पेट्रोल कारला एका चाचणीत २ ग्रॅमची मर्यादा आहे. पीयूसीला यातलं काहीच कळत नाही. तिथे नळी सायलेन्सरमध्ये जाते, टाकीजवळून उडणारी वाफ मोजायला कुणी वाकत नाही.

आता त्या गाडीबद्दल, जिच्यामुळे आमची कामाची पद्धत बदलली. एक शिक्षक आहेत, आम्ही त्यांना सर म्हणतो. त्यांची हॅचबॅक मध्येच स्टार्ट व्हायची नाही. दुसरीकडे बॅटरी, प्लग आणि शेवटी फ्युएल पंप बदलून झाला होता. बिलांची फाईल काखेत घेऊनच सर आले. स्कॅनर लावला, एकही कोड नाही. गाडी आमच्याकडे दोन दिवस राहिली आणि रोज सकाळी पहिल्या सेल्फला सुरू झाली.

तिसऱ्या दिवशी चहा पिताना मी सहज विचारलं, ‘सर, बंद पडते ती नेमकी कुठे?’ सर म्हणाले, ‘पंपावर. दरवेळी पंपावरच. मागचे लोक हॉर्न मारतात हो.’

पेट्रोल भरल्यावरच बंद पडते म्हटल्यावर पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय हे जवळजवळ नक्की. टाकी भरताना आतली वाफ डब्याकडे ढकलली जाते, तिथून उघड्या व्हॉल्व्हमधून थेट मॅनिफोल्डमध्ये, आणि सेल्फ मारला की इंजिन गुदमरतं. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला तर कसंबसं उठतं. थंड इंजिन चालू केलं, डब्याकडून व्हॉल्व्हला येणारी नळी काढून तोंडावर बोट ठेवलं. बोट ओढलं जात होतं. थंड इंजिनाला तिथे ओढ नको. करंट नसताना हा व्हॉल्व्ह बंद असायला हवा. मॅनिफोल्डकडची नळी चिमट्याने दाबली तशी आयडलिंग जागेवर आली. नवा व्हॉल्व्ह टाकला, पैसे घेतले, सर खूश.

पंधरा दिवसांत सर परत. तोच पंप, तेच हॉर्न.

या वेळी काढलेला व्हॉल्व्ह मी ‘संचार’ पेपरच्या पानावर उपडा करून टिचकी मारली. मोहरीएवढे काळे दाणे कागदावर पडले. डबा आतून फुटला होता आणि त्याचा कोळसा नवा व्हॉल्व्हही खाऊन बसला होता. पहिल्याच वेळी टिचकी मारली असती तर सरांचा फेरा वाचला असता. दुसऱ्या व्हॉल्व्हचे पैसे घेतले नाहीत, घेण्याचं तोंडच नव्हतं. डबा बदलला, मधली नळी उलट्या बाजूने हलक्या हवेने फुंकून साफ केली. तेव्हापासून हा व्हॉल्व्ह खराब निघाला की आधी कागद पसरायचा, असा नियमच झाला.

डबा फुटला कशाने? सरांना विचारलं, पेट्रोल किती भरता? ‘फुल. नोझल कट झालं की पोरगा राउंड फिगर करतो.’ हीच आपल्याकडची खोड. वाफेसाठी वर ठेवलेली जागा भरली की पातळ पेट्रोल डब्यात उतरतं, कोळसा भिजतो, दाणे सुटतात. बारा रुपयांच्या राउंड फिगरपायी काही हजारांचा डबा.

पुढची अडचण गळतीची. यूट्यूब बघून गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, टाकीचं झाकण घट्ट करा, मीटरवरचा पिवळा लाइट जाईल. अमेरिकेतल्या गाड्या १९९६ पासून स्वतःची गळती स्वतः तपासतात, २००० नंतरच्या तर अर्ध्या मिलिमीटरच्या भोकालाही कोड देतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ती सोय नाही. पी ०४४३ सारखा कोड येतो तो व्हॉल्व्हच्या वायरिंगचा. उंदराने टाकीमागची नळी कुरतडली तर मीटर गप्प असतं, नुसता वास येतो.

म्हणून नळ्यांत धूर सोडून गळती शोधायचं मशीन केलं, तेही एकदा हात पोळल्यावर. आमच्या पोराने एका गाडीला थेट कंप्रेसरची हवा जोडली आणि डब्याचा जोड फाटकन उघडला. या सिस्टिमला अर्धा पीएसआय दाबसुद्धा भरपूर होतो. आता रंगाचा जाड पत्र्याचा डबा, आत बेबी ऑइल, ते तापवून धूर करायला डिझेल जीपचा ग्लो प्लग, आणि हवेऐवजी शेजारच्या टायरवाल्याकडचा नायट्रोजन, कारण पेट्रोलच्या वाफेत हवा आणि तापलेली तार एकत्र आणणं म्हणजे शेडला काडी लावणं. धूर सोडायचा, दिवे मालवायचे आणि टॉर्च घेऊन गाडीखाली झोपायचं. नळीच्या क्लिपपाशी धुराचा दोरा वर चढताना दिसला की मला अजून बरं वाटतं.

लॉकडाउननंतर वेगळाच आजार आला. पंपावर नोझल सारखं कट होतंय आणि झाकण उघडलं की फुस्स. महिनोन्‌महिने उभ्या गाड्यांच्या डब्याच्या हवेच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. आम्ही तारेने माती खरवडली, बिल काय लावायचं हा प्रश्नच पडला.

बिलावरून आठवलं. ‘नुसतं बघायचे पैसे?’ हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. पार्ट विकून पैसे मिळवणं सोपं आहे. दोन तास शोधून तीस रुपयांची क्लिप बदलली की गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटतं. आता चेकिंगचा दर फळ्यावर लिहिलाय आणि काम इथेच केलं तर तो बिलात वळता करतो. चार लोक फळा वाचूनच परत गेले, जाऊ देत.

आता स्कूटरचे डबेही येतात आणि ‘काढून टाका’ म्हणणारेही. आम्ही काढत नाही. आमचं काढून झालंय.

गळती तपासायला येणार असाल तर टाकी अर्धी ठेवा. फुल टाकीत धुराला फिरायला जागा राहत नाही आणि रिकाम्या टाकीत तो भरायलाच वेळ जातो. थंड इंजिन लागतं, म्हणून गाडी आदल्या संध्याकाळी आणून लावा. आणि बंद कुठे पडते ते आधी सांगा, बिलांची फाईल नंतर बघू.