किमोनोवरची लाट, ताटलीवर

नागोयाला आल्यापासून ओसू कान्नोन मंदिरातला जुन्या वस्तूंचा बाजार मी सहसा चुकवत नाही. दर महिन्याच्या १८ आणि २८ तारखेला तो भरतो. निळ्या-पांढऱ्या ‘इनबान’, म्हणजे छापाने नक्षी उमटवलेल्या, ताटल्यांच्या चळती तिथे हमखास सापडतात. बऱ्याचशा मेइजी काळातल्या (१८६८–१९१२), साध्या घरांत रोज वापरलेल्या. पण नक्षी बघाल तर थेट किमोनोवरची: एकात एक कमानींच्या लाटांची ‘सेइगाइहा’, नाहीतर भांगेच्या पानांची षटकोनी चांदणी, ‘आसानोहा’. भांगेचं झाड सरळ नि भराभर वाढतं, म्हणून ही चांदणी तान्ह्या बाळांच्या कपड्यांवर घालत.

नक्षी उमटवायची पद्धतही रंगाऱ्यांकडूनच आली. किमोनो रंगवायला इथे ‘कातागामी’ हे कागदी छाप वापरतात. ‘वाशी’ या जपानी हातकागदाचे थर कच्च्या पर्सिमन फळाच्या रसाने चिकटवायचे, धुरी द्यायची, मग बारीक पात्यांनी कोरायचं. तत्त्व आपल्या रांगोळीच्या छापाचंच. कुंभारांनी असा कागद ताटलीवर ठेवून वरून ब्रशने कोबाल्टचा निळा रंग भरला. मेइजी काळात परदेशी कोबाल्ट स्वस्तात मिळू लागला आणि नक्षीदार भांडी सामान्य घरांत पोचली.

कागदातून सलग वर्तुळ कापलं तर मधला तुकडा गळून पडतो. म्हणून मध्ये कागदाच्या बारीक काड्या राखाव्या लागतात, आणि ताटलीवर नेमकी तिथे रेघ तुटते. शिवाय कापड सपाट, ताटली खोलगट. म्हणून कागदाच्या जोडावर लाट लाटेवर चढते. या तुटक्या रेघांवर माझा फार जीव आहे. नामवंत कुंभार ओगाता केन्झानही क्योतोतल्या किमोनो व्यापाऱ्याचा मुलगा. त्याने १६९९ मध्ये नारुताकीला भट्टी घातली. त्याची भांडी थोरच, पण ती काचेआड बघायची. इनबानमध्ये मी रोज वरण-भात जेवते.

मातीकामाच्या वर्गात मीही आता कागद कापून वाडग्यांवर लाटा उमटवते. आतल्या गोलाईत कागद बसवताना काठाशी तो जास्त होतो, तिथे पाचरी कापाव्या लागतात. जोडावर लाट खंडित होते. ती मी मुद्दाम तशीच ठेवते, ब्रशने जुळवत नाही.

कातागामी बघायचे असतील तर मिए प्रांतातल्या सुझुका शहराचा शिरोको भाग गाठा, नागोयाहून किन्तेत्सुच्या गाडीने सहज जाता येतं. एदो काळात (१६०३–१८६८) इथल्या छापांना किशू संस्थानाचा आश्रय होता. कोरणारे कारागीर आता थोडेच उरलेत. कुणी काम करताना दिसलं तर जरूर थांबा: एकावर एक ठेवलेले कितीतरी कागद ते एकदमच कोरतात.