हमिंगबर्डची आई घरट्यावर दिसत नाही तेव्हा

कॅलिफोर्नियात ॲनाज हमिंगबर्ड या जातीचे पक्षी डिसेंबरपासूनच घरटी करायला घेतात, कधी लिंबाच्या झाडावर, कधी थेट पॅटिओतल्या दिव्यांच्या माळेवर. अर्ध्या अक्रोडाएवढी वाटी, कोळ्याच्या जाळ्याने आवळून बांधलेली. मग इथल्या मराठी घरांतून तोच प्रश्न येतो: आई सोडून गेली, पिल्लांचं काय करू?

बहुतेक वेळा काहीच करायचं नसतं. पिल्लं उघडीबोडकी असतात तेव्हा, साधारण पहिले नऊ ते बारा दिवस, आई त्यांच्यावर बसते. पिसं फुटली की पिल्लं आपली ऊब आपण धरतात आणि आई रात्रीही बसायची थांबते. दिवसा येते, लांब चोच पिल्लाच्या घशात खोल घालून चिलटं आणि फुलांतला मकरंद ओतते आणि काही सेकंदांत उडून जाते. तासाला दोन-तीनच फेऱ्या. तुम्ही चहा ओतायला वळलात की फेरी हुकली.

म्हणून सलग एक तास, खिडकीआडून, नजर न हलवता बघा. घरट्याच्या काठावर ताजी पांढरी शीट दिसली तर पिल्लांना खाऊ मिळतोय. ती शेपूट बाहेर काढून काठावरूनच शिटतात. पिल्लं गप्प असणं चांगलंच, शत्रूला पत्ता लागत नाही. दहा मिनिटांहून जास्त चिवचिव चालू राहिली, किंवा पिसं नसलेल्या पिल्लांवर तासभर कोणी बसलं नाही, तर मात्र वन्यजीव पुनर्वसन केंद्राला फोन करा. आपल्याकडे शिंजीराचा (सनबर्डचा) नर पिल्लांना भरवतो. हमिंगबर्डचा नर घरट्याकडे फिरकतही नाही. आई मेली तर दुसरं कोणी नाही.

पिल्लू खाली पडलं असेल तर उचलून परत ठेवा, पण आधी घरट्यात मुंग्या नाहीत ना ते पाहा. माणसाचा हात लागला की आई टाकते, हा समज इथेही आहे आणि तो खोटाच आहे.

सगळ्यात जास्त नुकसान करतं ते साखरपाणी. पिल्लाला वाढायला प्रथिनं लागतात, ती किड्यांतून येतात; नुसत्या साखरेवर हाडं आणि पिसं बिघडतात, आणि पिसांवर पाक वाळला की ती चिकटतात. केंद्रात पोचेपर्यंतच, आणि तेही तिथल्या माणसाने सांगितलं तर, एक भाग पांढरी साखर आणि चार भाग पाणी, ड्रॉपरने थेंब थेंब. मध नको, रंग नको.

पक्षी घरी ठेवणं 1918 च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी ॲक्ट या अमेरिकी पक्षीसंरक्षण कायद्याखाली परवान्याशिवाय गुन्हा आहे. अंडी किंवा पिल्लं असलेलं घरटं हलवणंही. फोटोफ्रेममागे चिमणीने काड्या आणल्या की पंखा बंद ठेवणारी घरं आपली, त्यांना हे कायद्याने शिकवायची गरज नाही असं मला मनापासून वाटतं. तरी फांद्या छाटायला माणूस बोलवण्याआधी झाड नीट बघून घ्या, अगदी थंडीतही. आणि केंद्राला फोन कराल तेव्हा पिल्लांना पिसं आलीत की नाही, हे आधी सांगा.