आमची वाटचाल : ट्रॅक मापाने बनवून मिळतील

ठाण्यात चरईत आमची खोली आहे आणि बाहेर लहानसा फलक आहे : ‘गायकाच्या मापाने ट्रॅक बनवून मिळतील’. ट्रॅक म्हणजे वादकांऐवजी गायकामागे लावायची, आधीच तयार करून ठेवलेली साथ. हा फलक वाचून एकदा एक बाई ब्लाउजपीस घेऊन आत आल्या होत्या. त्यांना शेजारच्या गल्लीतल्या टेलरकडे पाठवलं, पण फलक बदलला नाही. मला तो शब्द पटलेला आहे.

माप म्हणजे नुसती पट्टी, म्हणजे सा कुठे धरायचा ते, नव्हे. गिऱ्हाईक आलं की आधी पेटीजवळ बसवतो. ‘मी काळी पाचमध्येच गाते’, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी हाच माझा सा, असं ठासून सांगणाऱ्यांची पट्टी बऱ्याचदा दुसरीच निघते. घरी एकच गाणं गाताना तार षड्ज, म्हणजे वरचा सा, छान लागतो. कार्यक्रमात दहा गाणी झाल्यावर लागेल का, ते बघावं लागतं. लयीचंही तसंच. खोलीत गाताना माणूस रेंगाळतो आणि स्टेजवर चढला की पळतो. श्वास कुठे घेतो, ध्रुवपद किती वेळा फिरवतो, अंतरा उचलायला बासरीने स्वर द्यावा लागतो की नाही, हे सगळं मी वहीत लिहून ठेवतो. प्रत्येक गायकाचं पान वेगळं. वह्या अजून आहेत, मागाल तर दाखवीन.

सुरुवात २००४ ची. त्याआधी मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. आयोजकांना दहा-बारा वादक परवडेनासे झाले होते. ‘गायक आणा, बाकीचं मशीनवर भागवा’ असं ते तोंडावर सांगायचे. आमच्यातले बरेच जण चिडले, काहींनी वाजवणंच सोडलं. मी मात्र रोलँडच्या एक्सपी-६० या कीबोर्डसमोर बसलो. त्यात सिक्वेन्सर, म्हणजे वाजवलेलं नोंदवून पुन्हा वाजवणारी सोय, होती आणि गाणी फ्लॉपीवर जायची. फ्लॉपी ओलसर झाली की वाचली जायची नाही. पावसाळ्यात मी ती तांदळाच्या डब्यात ठेवायचो, त्यावरून सौ. अजून बोलते. अशी नोंद ठेवायचं तंत्र म्हणजे मिडी, ते १९८३ चं, पण त्यातली सोय आजही मला मोठी वाटते. फाइलमध्ये आवाज नसतोच, कुठली पट्टी कधी आणि किती जोरात दाबली एवढीच नोंद असते. म्हणून गाणं काळी चारवरून पांढरी चारवर आणायचं तर एक आकडा बदलायचा. तयार रेकॉर्डिंग तीन स्वर खाली ओढलं की बासरी घोगरी होते नि ढोलकी बसते, ती भानगड इथे नाही.

पुढे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून कॉम्प्युटर जुळवला, त्यात एम-ऑडिओचं ऑडिओफाइल २४९६ हे कार्ड बसवलं आणि क्यूबेस या संगीताच्या सॉफ्टवेअरवर काम चालू झालं. हे कार्ड मी अजून कपाटात कापडात गुंडाळून ठेवलंय, आताच्या मदरबोर्डवर ते बसतही नाही. त्याआधी साध्या साउंड कार्डावर हाल होते. बफर, म्हणजे कॉम्प्युटर आवाज सोडण्याआधी जेवढा साठवतो तो साठा, १०२४ वर ठेवला की पट्टी दाबल्यावर आवाज साधारण २३ मिलिसेकंदांनी यायचा. ऐकायला एवढंसं वाटतं, पण केरव्याचा ठेका हाताने भरायला बसा म्हणजे कळेल. बोट आधी पडतं, कान मागे राहतो आणि मात्रा घसरतेच. ऑडिओफाइल कार्डावर बफर १२८ वर आणला आणि पहिल्यांदा वाटलं की हे यंत्र नाही, वाद्य आहे.

आणि ढोलकीवाले मामा. मामांशिवाय आमचा धंदा उभा राहिलाच नसता, हे मी लिहून देतो. कॉम्प्युटरसाठी बाजारात मिळणाऱ्या वाद्यांच्या आवाजांमध्ये तबला बरा असायचा. ढोलकी मात्र अशी की लावणी लावली तर हसू यावं. मामा तमाशातल्या फडांतून वाजवलेले, गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून ठाण्याला मुलाकडे आलेले. त्यांनी अट घातली : पैसे नकोत, धंद्यात चार आण्यांचा वाटा. खोलीला गाद्या लावल्या, रेल्वेचा आवाज थांबला की मध्यरात्री मामांची ढोलकी रेकॉर्ड करायला बसायचो. शाईची बाजू, धुमाची म्हणजे खर्जाची बाजू, प्रत्येक थाप हळू, मध्यम आणि जोरात, शिवाय तीच थाप पुन्हा पुन्हा, कारण माणसाच्या दोन थापा कधी सारख्या पडत नाहीत. ओल्या हवेत ढोलकीची पुडी, म्हणजे चामडं, उतरली की मामा काम बंद करायचे, कोणाचं ऐकायचे नाहीत. मी एकदा त्यांचा ठेका कॉम्प्युटरने सरळ, म्हणजे क्वांटाइज, करून ऐकवला, प्रत्येक थाप रेघेवर. मामा म्हणाले, ‘‘हा कोण वाजवतोय? जेवला नाय का?’’ त्या दिवसापासून आमच्याकडे ढोलकी क्वांटाइज होत नाही.

पहिलं नियमित गिऱ्हाईक म्हणजे कळव्याच्या ताई. पोस्टात नोकरी, संध्याकाळी कार्यक्रम : सोसायटीची कोजागिरी, हळदीकुंकू, ज्येष्ठ नागरिक संघ. एकट्याच जायच्या, एका पिशवीत माइक, दुसऱ्या पिशवीत मिनीडिस्क प्लेअर. सीडीवर एक गाणं संपलं की दुसरं धाडकन सुरू होतं, गायिका बोलत असली तरी. मिनीडिस्कवर एका गाण्यानंतर आपोआप थांबायची सोय होती, म्हणून मीच तो घ्यायला लावला. ताईंना दमा. दुसऱ्या अंतऱ्याआधी त्यांना घोटभर पाणी लागायचं. म्हणून त्यांच्या प्रत्येक ट्रॅकमध्ये तिथे तालाचं एक आवर्तन जास्त टाकायचो आणि व्हायोलिनचा एखादा तुकडा भरायचो. लोकांना वाटायचं चालच तशी आहे. अभंगाआधीचा आलाप त्यांना मोकळा हवा असायचा, कधी लांब कधी आखूड. तिथे ट्रॅक दोन तुकड्यांत केला : पहिल्यात तानपुरा सुरू राहतो, पायाने स्विच दाबला की पखवाज उचलतो. आज लॅपटॉपवर हे सगळेच करतात. तेव्हा ठाण्यात कोणी करत नव्हतं, हेही इथे नोंदवून ठेवतो.

मधली वर्षं कामात गेली. मामा २०१२ मध्ये गेले.

२०१४ मध्ये जे झालं ते सांगायलाच हवं. आमच्याकडे एक मुलगा शिकायला होता. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. हुशार, कान पक्का, चहासुद्धा तोच करायचा. एक दिवस ‘काका, वाशीला माझ्या सख्ख्या काकांच्या गाळ्यात बसतो’ म्हणून गेला. मी पेढे दिले. त्यानंतर काही महिन्यांनी आमच्याकडे येणारे फोन कमी झाले. विचारलं तर लोक सांगायचे, वाशीला पेनड्राइव्ह मिळतो, हजारभर ट्रॅक, एका ट्रॅकच्या मजुरीत अख्खा संच.

वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात एका मंडळाचा कार्यक्रम होता, तिथे मी मागच्या रांगेत बसलो होतो. एक गृहस्थ भावगीत गायला उभे राहिले. ट्रॅक सुरू झाला आणि मी ताठ झालो. आमच्या ट्रॅकला सुरुवातीला चार मात्रांची मोजणी असते, तीन टिचक्या आणि चौथ्या मात्रेवर घुंगरू. ते घुंगरू मामांच्या पेटाऱ्यातलं. इथे तेच वाजलं, पण जाड, ओढलेलं. मूळ ट्रॅक काळी चारचा, तो पुरुषाच्या आवाजासाठी थेट काळी एकपर्यंत खाली आणलेला. मामांची ढोलकी ओळखू येईना. पहिला अंतरा झाला. गृहस्थांनी दुसरा अंतरा वेळेवर उचलला, आणि ट्रॅक अजून व्हायोलिन वाजवतोय. ताईंच्या पाण्याचं आवर्तन! ते थांबले, पुन्हा उचललं, तोवर ठेका पुढे गेलेला. लोक हसायला लागले. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू, पण घशाखाली थुंकी उतरत नव्हती.

मध्यंतरात तो मुलगा बाहेर भेटला. म्हणाला, ‘‘काका, चाल तुमची आहे का? शब्द तुमचे आहेत का? मग ट्रॅक तुमचा कसा?’’ वकिलाकडे गेलो. वकील भला माणूस, पण त्याने माझीच उलटतपासणी घेतली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. ध्वनिमुद्रण मी केलेलं, पण त्याखालचं गाणं दुसऱ्याचं. त्यामुळे दावा लावला की पहिला प्रश्न मलाच विचारला जाणार. फी देऊन परत आलो. चोराला कायदा माझ्यापेक्षा चांगला पाठ होता, याची बोच अजून आहे.

त्या दोन वर्षांत खोलीचं भाडं थकलं. एक्सपी-६० विकला. विकत घेणारा पोरगा पट्ट्या पुसत म्हणाला, ‘‘काका, याची फ्लॉपी चालते का?’’ मी म्हटलं, तांदळात ठेव. घर सौ.च्या शिकवण्यांवर चाललं. मामांच्या मुलाने स्वतः येऊन सांगितलं की वाट्याचे पैसे सध्या नकोत. ताईंना मी म्हटलं होतं, तुम्हीही तो पेनड्राइव्ह घ्या, स्वस्त आहे. त्या म्हणाल्या, ‘‘त्यात माझं पाणी पिणं चोरलेलं आहे, ते मी विकत कशाला घेऊ?’’ पुढच्या आठवड्यात त्यांनी संघातल्या मैत्रिणी आणल्या. प्रत्येकीची पट्टी वेगळी, प्रत्येकीचा श्वास वेगळा. पेनड्राइव्हवाल्याकडे एका गाण्याची एकच पट्टी होती. धंदा परत उभा राहिला तो या बायकांमुळे. वाशीचा गाळा आता मोबाइल कव्हरचा आहे.

नंतर मूळ गाण्यातून गायकाचा आवाज वेगळा काढणारी सॉफ्टवेअर आली. पूर्वी डाव्या बाजूतून उजवी बाजू वजा करायची युक्ती होती, त्यात मधोमध असलेला आवाज जायचा आणि त्याबरोबर ढोलकीचा धुमही जायचा. २०१९ मध्ये स्प्लीटर हे सॉफ्टवेअर आलं आणि मग घरबसल्या कोणीही मायनस ट्रॅक, म्हणजे गायकाचा आवाज वगळलेलं गाणं, काढायला लागलं. लोक मला विचारतात, आता तुमचं काय? माझं म्हणणं सोपं आहे. तानेच्या जागी मूळ गायकाची सावली उरतेच, कोरसमध्ये तर हमखास. जुनी गाणी टेपवरची, टेपचा वेग थोडा इकडे-तिकडे असला की स्वर दोन पट्ट्यांच्या मध्ये लटकतो. त्यावर पेटी धरून बघा. आणि लय मूळ गायकाच्या श्वासाची, तुमच्या नव्हे. फुकट आहे म्हणून घ्या, पण तिकीट लावलेल्या कार्यक्रमात वापरू नका.

मार्च २०२० ला टाळेबंदी लागली. नाट्यगृहं नोव्हेंबरात निम्म्या आसनांवर उघडली, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद, पुन्हा सुरुवात व्हायला २२ ऑक्टोबर २०२१ उजाडला. खोली बंद होती, पण गंमत अशी की ट्रॅकची गरज तेव्हाच गायनाच्या क्लासना कळली. व्हिडिओ कॉलवर आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे तबलजी त्याच्या घरी आणि गायक आपल्या घरी हे जमतच नाही. ट्रॅक गायकाच्याच खोलीत वाजला तर दोन्ही एकत्र निघतात. पण मग तक्रार आली की समोर तानपुरा ऐकूच येत नाही. कॉलचं ॲप सलग सुराला पंख्याची घरघर समजून गाळून टाकत होतं. गोंगाट कमी करायची सोय बंद करायला शिकवत मी फोनवर कित्येक संध्याकाळी काढल्या. ताईंनी त्या काळात घरून कोजागिरी केली, समोर चौकोनी खिडक्यांत सगळा संघ.

आता एकट्याने गाणाऱ्यांसाठी, विचारलं नसलं तरी सांगतो. फोनवरून ट्रॅक लावत असाल तर विमान मोड आधी. भर अभंगात जावयाचा फोन हॉलभर वाजलेला मी ऐकलाय. ब्लूटूथवर विसंबू नका, वायर लावा. शक्य तिथे वेव्ह फाइल वापरा, एमपी३ असेल तर ३२० केबीपीएसची. सोसायटीच्या साउंडवाल्याकडे डावं-उजवं एकच असतं, म्हणून ट्रॅक मोनो करून घरी एकदा ऐका. स्टिरिओत फुललेलं व्हायोलिन तिथे गायब होतं. मॉनिटरमध्ये, म्हणजे गायकाकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, ठेका जास्त नि सूर कमी असं सांगू नका, सूर आधी मागा. दहा वाजता माइक बंद होणार हे धरून शेवटचं गाणं ठरवा. तिकीट असेल तर सादरीकरणाचा परवाना आयोजकाने घेतलाय का ते विचारा. लाजू नका, मला वकिलाने तेच विचारलं होतं.

आणि एक, दिवाळी पहाटेचे ट्रॅक गणपतीच्या आत सांगा. दसऱ्यानंतर येऊन ‘काका, एवढे चारच आहेत’ म्हणणाऱ्यांना मी आता परत पाठवतो. येताना पाण्याची बाटली घेऊन या, माप घेताना दोनदा पूर्ण गायला लावतो.