एका प्रभागाच्या दोन तारखा

एकट्याने ॲप करून विकणाऱ्या माणसाची सुगी म्हणजे निवडणूक. एरवी मी साताऱ्यात घरी बसून दूध संकलनाची बिलं, पतसंस्थेची पिग्मी, क्लासच्या फीचे हिशेब असली ॲप करतो आणि पैशांसाठी गिऱ्हाइकांच्या मागे फिरतो. ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात वर्षानुवर्षं अडकलेल्या नगरपालिकांच्या निवडणुका ४ नोव्हेंबर २०२५ ला जाहीर झाल्या आणि गिऱ्हाइकं माझ्या मागे फिरायला लागली. मागणी सगळ्यांची एकच, मतदार यादी मोबाइलवर पाहिजे. नाव टाकलं की अनुक्रमांक आणि केंद्र दिसावं, चिठ्ठी निघावी, आणि कोण आपला, कोण त्यांचा, कोण कुंपणावर, हे हिरव्या-लाल-पिवळ्या रंगात कळावं.

ऐकायला सोपं आहे. पण यादी हाती येते ती पीडीएफमध्ये, आणि तिची पानं म्हणजे निव्वळ चित्रं. ओसीआर लावून अक्षरं उचलायची, मग पोरं बसवून तपासायची. ‘कऱ्हाडकर’ हे आडनाव युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक ज्या पद्धतीने अक्षरं साठवतो तिच्यात, दोन तऱ्हांनी टाइप होतं. एकात नुक्तावाला ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. आपल्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, मशीनला मात्र ती दोन वेगळी घराणी वाटतात. शोधलं की काही कऱ्हाडकर सापडतात आणि बाकीचे गायब. ते सगळे एका साच्यात बसवल्याशिवाय मी यादी कुणाच्या हातात देत नाही. चिठ्ठीचंही तसंच. कार्यकर्त्यांच्या खिशातले ब्लूटूथ प्रिंटर दोन इंची, ३८४ ठिपके रुंद, आणि त्यांना देवनागरी येत नाही. म्हणून प्रत्येक चिठ्ठीचं आधी चित्र करून पाठवावं लागतं, आणि ते सावकाश छापतं. पोरं वैतागतात, “इंग्रजीत झटक्यात निघते की सर!” निघते ना, पण आजीबाईंना वाचून कोण दाखवणार?

माझी एक अट मात्र पक्की. मतदानाच्या रात्री बाराला ॲप बंद पडतं. हरलेला पैसे देत नाही आणि निवडून आलेला फोन उचलत नाही, हे या धंद्यात लवकर कळतं.

मतदान मंगळवारी, २ डिसेंबरला होतं. रविवारी सकाळी एका गिऱ्हाइकाचा फोन आला, “सर, असाल तसे या.” उमेदवारी अर्जांवरची काही अपिलं कोर्टात गेली होती, त्यांचे निकाल वेळेत लागले नव्हते, म्हणून निवडणूक आयोगाने त्या जागांचं मतदान २० तारखेवर ढकललं होतं. आमच्या जिल्ह्यात फलटण आणि महाबळेश्वरची अख्खी निवडणूकच पुढे गेली. या गिऱ्हाइकाच्या गावात त्रांगडं वेगळंच झालं. प्रभागात दोन जागा. त्यातली ‘अ’ जागा महिलेसाठी राखीव, तेवढीच पुढे गेली. ‘ब’ जागा आणि नगराध्यक्षपदाचं मतदान ठरल्याप्रमाणे मंगळवारीच.

उमेदवार वहिनी होत्या, पण फोन करणारे, ठरवणारे आणि पैसे देणारे अण्णा, म्हणजे त्यांचे मिस्टर. पन्नास टक्के आरक्षणानंतरही अशा बहुतेक घरांत माझा व्यवहार मिस्टरांशीच होतो. घरासमोर मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रचाराची रिक्षा गप्प उभी. आत वहिनींच्या शिलाई मशीनवर कापडाच्या जागी याद्यांचे गठ्ठे.

अण्णांना वाटत होतं, तारीख बदलली की काम झालं. मला घाम फुटला तो दुसऱ्याच कारणाने. माझ्या ॲपमध्ये माणूस एकदाच मतदान करतो. मतदान झालं, हो की नाही, एवढा एकच चौकोन. आणि इथे तोच माणूस मंगळवारी ‘ब’ जागेच्या जोडीदार उमेदवाराला मत देऊन येणार आणि अठरा दिवसांनी वहिनींसाठी पुन्हा यायला हवा. मंगळवारी टिक लागली की वीस तारखेला त्याचं नाव ‘राहिलेले मतदार’मध्ये दिसणारच नाही, म्हणजे त्याला आणायला कोणी जाणार नाही.

“त्यात काय, अजून एक चौकोन टाका,” अण्णा म्हणाले.

तिथेच, मशीनच्या कडेला लॅपटॉप ठेवून बसलो. चौकोन टाकायला वेळ लागत नाही. पण आधीच्या नोंदी तशाच राहून सगळ्या फोनवर नवं ॲप चढायला हवं होतं. स्टोअरवर टाकून मंजुरीची वाट बघण्यात अर्थ नव्हता. एपीके, म्हणजे थेट फोनवर चढवता येणारी ॲपची फाइल, व्हॉट्सॲपवर टाकली आणि एकेका पोराचा फोन हातात घेऊन बसवली.

त्या गडबडीत एका पोराने विचारलं, “सर, जातीचा पण रकाना टाका की, आता वेळ आहे.” हे मला प्रत्येक पक्षाच्या मांडवात विचारतात, विकासाच्या गप्पा मारणाऱ्यांच्या मांडवात जरा लवकर. मी टाकत नाही. पण मी टाकला नाही म्हणून थांबतंय कोण? ‘शेरा’ म्हणून मोकळा रकाना दिलाय, त्यात पोरं आडनावावरून भरतात, पुढे मोबाइल नंबर. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य तरतुदी लागू व्हायला तिथून पुढे दीड वर्ष. कायद्याने जी माहिती जाहीर करावीच लागते ती त्यातून वगळलेली आहे. माझ्या वाचनाप्रमाणे यादी त्यामुळे सुटते, शेरा सुटत नाही. म्हणून रात्री बाराला ॲप बंद होतं तेव्हा शेरेही पुसले जातात. अण्णांना ते मान्य नव्हतं, जिल्हा परिषदेला लागतील म्हणाले.

हे चाललेलं असताना वहिनी चष्मा लावून फोनवर यादी वाचत होत्या. “ही मावशी वारली. ही दोघं माहेरच्या यादीत पण आहेत, बघा, नावापुढं दोन फुल्या.” मग थांबून म्हणाल्या, “अहो, वीस तारखेला वार कुठला?” शनिवार. “मग पिवळ्यातली ही पुण्याची पोरं येतील. मंगळवारी एक आलं नसतं.” त्यांनी बोट ठेवत ठेवत नावं सांगितली. ब्लाउज-फ्रॉक शिवता शिवता घराघराचं सगळं त्यांना ठाऊक. गेले काही दिवस त्या पिवळ्या रंगावर आमचा सगळा भर ‘मन वळवायचं’ असा होता, आणि त्यातली कितीतरी माणसं फक्त गावाबाहेर होती. मी ‘बाहेरगावी’ असा चौथा रंग टाकला, निळा. या मोसमात ॲपमध्ये झालेली सगळ्यात कामाची सुधारणा तीच, आणि ती मांडवातल्या एकाही पुरुषाला सुचली नव्हती, मलाही नाही.

निघताना पैशांचा विषय निघाला. वाढीव दिवसांचे म्हटल्यावर अण्णा म्हणाले, “तारीख आयोगाने बदलली, आम्ही नाही.” मी म्हणालो, “मग आयोगाला बिल पाठवतो.” वहिनी आतून म्हणाल्या, “द्या हो, शिवणाचे पण लोक असंच करतात.” अर्धे मिळाले.

मंगळवारी, मतदान चालू असतानाच, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळीकडची मतमोजणी एकदमच, २१ डिसेंबरला करायला सांगितली. दुपारपासून बाकीच्या गिऱ्हाइकांचे फोन सुरू. त्यांचं मतदान त्याच दिवशी संपणार होतं, तरी प्रत्येकाला ॲप २१ पर्यंत चालू हवं होतं, हिरवे किती येऊन गेले ते मोजत बसायला. मी प्रत्येकाला दर सांगितला.