ठमीची बास्केट : सातवी नोंद (आणि सासूबाईंचा शोध)

शनिवारी पुन्हा हरले. लस टोचायचा दिवस आला की आमची मांजर ठमी दरवेळी आधीच ओळखते आणि लपते. साडेदहाची वेळ घेतली होती, ट्रायकॅटचा (मांजरांच्या लसीचा) बूस्टर आणि रेबीजची लस एकदमच उरकणार होते. सव्वादहाला ठमी पोटमाळ्यावर, जुन्या मखराच्या मागे. बारा वाजता आपणहून उतरली, खाल्लं आणि दवाखान्यात न्यायच्या बास्केटमध्ये जाऊन झोपली. बास्केटमध्ये!

म्हणजे बास्केटची भीती गेलीय, हे आधीच्या नोंदींत लिहिलंच आहे. आधी नुसता खालचा अर्धा भाग, त्यात माझी जुनी ओढणी, मग झाकण, मग दार, असे तीन महिने घालवलेत. (घ्यायचीच तर वरून उघडणारी, कडक प्लास्टिकची घ्या. कापडी दिसतात छान, पण मांजर आत घालताना त्यांचं तोंड मिटतं आणि आत मुतली तर धुताना रडू येतं.) आमच्या दुसऱ्या मांजराला, तात्याला, यातलं काहीच लागलं नाही. तो दवाखान्याच्या टेबलावर आडवा होऊन मान खाजवून घेतो. तिरंगी म्हणून ठमी तापट, पिवळा म्हणून तात्या भोळा, हे मला पटत नाही. तात्या डोळे उघडल्यापासून माणसांच्या हातात आहे, ठमी सहा महिने गॅरेजच्या पत्र्यावर वाढली.

तर मग तिला कळतं कसं? वहीत चार संशयित होते. लसीची फाइल चार दिवस टेबलावर ठेवली, ढिम्म. तिच्यासमोर दवाखान्याशी खोटंच फोनवर बोलले, जांभई. सकाळीच जीन्स चढवली तर मांडीवर येऊन बसली. बेडरूमचं दार लोटलं तेव्हा कान फिरले, पण जागची हलली नाही. चारही निर्दोष सुटले.

रविवारी हे सगळं वैतागून सांगत होते. सासूबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "अगं, एरवी तू तिला ठमे, ऊठ मेले तिथून, असं म्हणतेस. सुईच्या दिवशी तेवढी ती ठमाबाई होते."

मी गप्प.

मग मांजरांवर संशोधन करणाऱ्या आत्सुको साइतो यांची युक्ती उसनी घेतली. जपानमधल्या त्यांच्या 2019च्या प्रयोगात मांजराला आधी त्याच्या नावाएवढ्याच लांबीचे चार शब्द एकामागून एक ऐकवले, आणि ते कंटाळल्यावर पाचवं त्याचं नाव. नावाला मांजरं कान-मान हलवायची. मी फोनवर सपाट आवाजात रेकॉर्ड केलं : कमळाबाई, मंगलाबाई, शेवंताबाई, यमुनाबाई, ठमाबाई. फोन कपाटावर ठेवला आणि स्वतः स्वयंपाकघरात लपले, तोंडावरून काही कळायला नको. यमुनाबाईपर्यंत ठमीचे डोळे मिटले होते. ठमाबाईला एक कान मागे गेला. बस, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी त्याच पाच बाया लाडाच्या सुरात. शेवंताबाईलाच ठमी दिवाणाखाली!

म्हणजे ठमाबाई बिचारी निरपराध होती. दगा दिला तो माझ्या सुराने. नवऱ्याकडूनही लाडात म्हणवून घेतलं (त्याचा तो सूर पुन्हा ऐकायची माझी तयारी नाही), तर त्याच्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. पॅरिसजवळच्या नांतेर विद्यापीठाने 2022मध्ये 16 मांजरांवर असंच काहीसं पाहिलं होतं. मालकाच्या लाडिक बोलण्याला मांजरं प्रतिसाद द्यायची, अनोळखी माणसाच्या त्याच सुराला नाही. नवरा अनोळखी नाही हे खरं, पण ठमीच्या लेखी फारसा फरक नसावा.

सोमवारपासून उपाय सुरू केला. रोज लाडाने हाक, लगेच टिक (म्हणजे खाऊ येतोय, ही खूण), लगेच बिनमिठाचा सुका जवळा. टिक करायला ऑनलाइन मागवलेला क्लिकर सुतळी बॉम्बसारखा वाजतो, त्यापेक्षा पाच रुपयांचं बॉलपेन बरं. आणि त्या महागड्या ट्यूबमधल्या खाऊला ठमी नुसतं हुंगते. जवळा म्हटलं की परातीखालूनही शोधते. गुरुवारी कान विमानाच्या पंखांसारखे आडवे झाले, पण पळाली नाही. खाल्लं. शुक्रवारी तर हाकेला उठून आली! मी टाळ्या वाजवणार होते, वेळेवर आवरलं.

लिहिता लिहिताच लक्षात येतंय, की यात एक मोठं भोक आहे. सरावाच्या दिवशी मला माहीत असतं की हा सराव आहे. खऱ्या दिवशीही मला ते माहीत असणारच, आणि माझा सूर बदलणारच. बर्लिनचा तो गणिती घोडा, हान्स, आठवा. 1907मध्ये मानसशास्त्रज्ञ फुंग्स्टने दाखवून दिलं की तो बेरजा करत नव्हता, विचारणाऱ्याच्या नकळत झालेल्या हालचाली वाचत होता. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसलं की घोडा चुकायचा.

तेव्हा मलाच ठाऊक नको. आमचे डॉक्टर संध्याकाळी नंबराने बघतात, सकाळसारखी वेळ घ्यावी लागत नाही. चहाच्या रिकाम्या डब्यात पाच चिठ्ठ्या, चारांवर "घरी", एकीवर "दवाखाना". रोज सातला ठमी बास्केटमध्ये, बास्केट खाली रिक्षापर्यंत, आणि तिथे सासूबाई चिठ्ठी उघडणार. काढलेली चिठ्ठी परत टाकायची नाही, म्हणजे पाच दिवसांत लस होणारच. चार दिवस रिक्षावाल्यांना काय सांगायचं, ते सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय.

आजपासूनच करणार होते. पण मघाशी तात्याने डबा पाडून एक चिठ्ठी चावून टाकली. कुठली ते बघायला गेले तर मुसळ केरात, म्हणून आता पाचही नव्याने लिहायला घेतल्यात.