मोती कुसकुस : चार खेपा आणि पाण्याचं गणित

प्रत्येक खेपेला कोरडे दाणे 160 ग्रॅम, म्हणजे साधारण एक कप. जाड बुडाचं, घट्ट झाकणाचं पातेलं दर वेळी तेच.

खेप 1. न भाजता, गार पाणी 400 मिली. दाणे शिजले, पण पातेल्यात खळ झाली आणि गार झाल्यावर सगळ्याचा एकच गोळा. दिसतो साबुदाण्यासारखा, पण हा पास्ता आहे : गव्हाचं पीठ मळून, यंत्रातून दाणे पाडून, भट्टीत भाजलेला. भिजवायचा नाही, धुवायचाही नाही. धुतला की वरचं पीठ ओलं होऊन दाणे आधीच एकमेकांना धरतात. (गहू असल्यामुळे उपासाला बाद, आणि ग्लुटेन न चालणाऱ्यांनाही.)

खेप 2. 1 टेबलस्पून तेलात मध्यम आचेवर 4 मिनिटं परतला. निम्मे दाणे बदामी, निम्मे पांढरट, खमंग वास सुटला की पुरे. मग कडकडीत उकळतं पाणी 300 मिली, मीठ पाऊण चमचा. झाकून मंद आचेवर 9 मिनिटं, गॅस बंद करून तसाच 5 मिनिटं. दाणा सुटा, दाताखाली किंचित ताठ. तेलाचा थर आणि भाजणं यांमुळे बाहेरचा स्टार्च कमी सुटतो. गार पाण्यात मात्र उकळी येईपर्यंत तो सुटतच राहतो. मधे झाकण काढून ढवळायचा मोह टाळा. दाणे फुटतात, वाफ जाते आणि पाणी कमी पडतं.

खेप 3. इस्रायली घरगुती पद्धत. तिथे याला 'प्तितिम' म्हणतात. 1950च्या दशकात, तांदळाच्या टंचाईत, पंतप्रधान बेन-गुरियन यांच्या सांगण्यावरून ओसेम कंपनीने तो आणला. तेव्हा आकारही तांदळाचा होता, गोल दाणे नंतरचे. कांदा लालसर परतून दाणे, मग 1 टेबलस्पून टोमॅटो पेस्ट. पेस्ट पाण्यानंतर घातली तर बुडाशी बसते आणि करपते. दाण्यांबरोबर मिनिटभर परतली की सगळीकडे नीट लागते.

खेप 4. शिजलेले छोले 1 वाटी, काकडी, भरपूर पुदिना-कोथिंबीर, लिंबू. लिंबू-तेल दाणे कोमट असतानाच घाला, गार दाणा चव आत घेत नाही. छोले केवळ शोभेला नाहीत. कोरड्या 100 ग्रॅम मोती कुसकुसमध्ये सुमारे 350-360 कॅलरी, कर्बोदकं 70 ग्रॅमच्या वर, प्रथिनं 12-13 ग्रॅम. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतातच, त्या मानाने बरंच; पण गव्हाच्या प्रथिनात लायसिन (एक आवश्यक अमिनो आम्ल) कमी, ते कडधान्य भरून काढतं. एका माणसाला 60 ग्रॅम कोरडा पुरतो. नेहमीचा मोती कुसकुस पांढऱ्या पिठाचा असतो, तेव्हा 'कुसकुस म्हणजे पौष्टिक' एवढ्यावर जाऊ नये. तंतू हवे असतील तर अख्ख्या गव्हाचा घ्या. त्याला पाणी 30-40 मिली जास्त आणि 2-3 मिनिटं अधिक लागतात.

उरलेला फ्रिजमध्ये दगड होतो. 2 चमचे पाणी शिंपडून, झाकून वाफ दिली की पुन्हा मोकळा.

पुढची खेप फ्रेगोलाच्या, म्हणजे इटलीतल्या सार्डिनिया बेटावरच्या अशाच भाजलेल्या गोल पास्त्याच्या, वळणाची, तिसऱ्या (शिंपल्या) घालून. तिसऱ्यांचं सुटलेलं पाणी गाळून 300 मिलीतच धरायचं; ते खारट असतं, म्हणून मीठ शेवटी, चाखून.