अथेन्समध्ये दिवेलागणीला: सॉक्रेटिस आणि प्लेटो

अथेन्सच्या सिंटाग्मा स्टेशनवरून मेट्रोची लाल लाइन पकडली की पुढचंच स्टेशन पानेपिस्तिमियो. चालत गेलात तर दहा मिनिटं. अकादमी ऑफ अथेन्स या विद्वत्संस्थेची इमारत तिथेच रस्त्याला लागून आहे. दिवसा पाहून झाली असली तरी संध्याकाळी फोटोसाठी पुन्हा जा.

वास्तुरचना थिओफिल हॅन्सनची, काम १८५९ ते १८८५. दोन उंच स्तंभांवर ढाल-भाला घेतलेली ग्रीक देवी अथेना आणि तंतुवाद्य घेतलेला देव अपोलो, खाली आसनांवर तत्त्वज्ञ प्लेटो आणि त्याचा गुरू सॉक्रेटिस यांचे पुतळे. सॉक्रेटिसचा हात हनुवटीला. इ.स.पू. ३९९ मध्ये याच शहराने त्याला विषाचा प्याला दिला. स्वतः त्याने एक ओळही लिहून ठेवली नाही, आपल्यापर्यंत तो पोहोचला तो मुख्यतः प्लेटोच्या संवादांतून. म्हणून आम्हाला इथे एकट्याचा फोटो अपुरा वाटतो, दोघे एकाच चौकटीत हवेत.

वेळ चुकली की सगळं चुकतं. इमारतीचं तोंड नैर्ऋत्येला, त्यामुळे मावळतीचं ऊन थेट दर्शनी भागावर येतं. पण मागचं आकाश ईशान्येचं, ते लवकर काळवंडतं. निळं आकाश आणि लागलेले दिवे एकत्र मिळतात ते सूर्यास्तानंतर जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. जूनअखेर सूर्य नऊच्या थोडा आधी मावळतो, डिसेंबरात पाचच्या सुमारास. अर्धा तास आधीच जागा धरा.

संगमरवर पेंटेली डोंगराचा. दिव्यांत तो इतका उजळतो की कॅमेरा काळ्या आकाशाला भुलून एक्सपोजर (आत घ्यायचा प्रकाश) वाढवतो आणि प्लेटोच्या दाढीचे पीळ सपाट पांढरे होतात. ट्रायपॉडवर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८ ठेवा, दोन सेकंदांच्या शटरपासून सुरुवात करा आणि कॅमेऱ्याचा प्रकाशमापक सांगेल त्याहून एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश, कमी घ्या. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड खाली ओढा. व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ऑटोवर सोडला तर दगड कधी पिवळा, कधी निळसर येतो, ३२०० केल्विनच्या आसपास पक्का करा.

जवळून वाइड लेन्स वर वळवली की स्तंभ आत कलतात, आणि बऱ्याचदा अथेनाच्या भाल्याचं टोकही कापलं जातं. समोरच्या फुटपाथवर जा, कॅमेरा सरळ धरा. मध्ये बस आली तर थांबा, तिच्या दिव्यांचा पट्टा नेमका सॉक्रेटिसच्या गुडघ्यांवरून जातो.

एवढं झालं की कॅमेरा बाजूला ठेवून जवळ जा आणि स्तंभांच्या माथ्यांवरचं सोनेरी काम पाहा. भर उन्हात ते नजरेतून निसटतं.